विश्लेषण : गोंगाटालाही आकार असतो का? डी. डी. कोसंबींचे विस्मरणात गेलेले गणित आजही कसे उपयोगी पडते?

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव घेतले की बहुतेकांना प्राचीन भारताचा इतिहास आठवतो. पण कोसंबींचा पेशा गणिताचा होता. बनारस, अलिगड, पुणे आणि मुंबई अशा चारही ठिकाणी त्यांनी नोकरी केली ती गणिताचीच. दुसरे महायुद्ध सुरू असताना, १९४३ मध्ये, पुण्यात राहून त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यातली मूळ कल्पना आज सिग्नल प्रोसेसिंगपासून हवामानशास्त्रापर्यंत सगळीकडे वापरली जाते. मात्र इंजिनीअरिंगच्या बहुतेक पुस्तकांत ती दुसऱ्या दोघांच्या नावाने शिकवली जाते. ही कल्पना नेमकी काय, त्याच वर्षांत कोसंबी हजारो नाणी तराजूत का तोलत होते आणि याच विचाराने पुढे त्यांना कुठे अडचणीत आणले, याचा हा आढावा.

नॉइज म्हणजे नेमके काय?

रेडिओवर स्टेशन नीट लागले नाही की खरखर ऐकू येते. अंधारात काढलेल्या फोटोत बारीक ठिपके दिसतात. ईसीजीच्या रेषेवर नको ती थरथर उमटते. इंजिनीअर या सगळ्याला नॉइज म्हणतात. पुढच्या क्षणी नॉइजची किंमत किती असेल हे सांगता येत नाही. तरीही त्याला नियम असतात आणि ते एका मोजमापात न दिसता हजारो मोजमापे एकत्र केल्यावर दिसतात.

भौतिकशास्त्राला हे टप्प्याटप्प्याने कळले. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतीशास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातले बारीक कण सतत थरथरताना दिसले. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने त्याचे गणित मांडले. पाण्याचे रेणू सर्व बाजूंनी धक्के देतात, त्यामुळे कण भरकटतो. तो कोणत्या दिशेला जाईल हे सांगता येत नसले, तरी सुरुवातीच्या जागेपासून साधारण किती दूर जाईल हे सांगता येते. चौपट वेळ गेला तर अंतर दुप्पट होते, म्हणजे अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पुढे १९२०च्या दशकात अमेरिकेतील बेल लॅबमध्ये जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी दाखवले, की साध्या रेझिस्टरमध्येही उष्णतेमुळे विजेची खरखर असते. १००० ओहमचा रेझिस्टर घेतला, तर खोलीच्या तापमानाला १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ही खरखर सुमारे ०.४ मायक्रोव्होल्ट भरते. कितीही महागडे यंत्र आणले तरी रेझिस्टर आणि तापमान तेच असेपर्यंत ती जात नाही.

असंख्य छोट्या, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या कारणांची बेरीज झाली की घंटेच्या आकाराचा आलेख तयार होतो. यालाच गॉसियन वितरण म्हणतात. यात सुमारे ६८ टक्के मोजमापे सरासरीच्या दोन्ही बाजूंना एका प्रमाण विचलनाच्या आत आणि ९५ टक्के दोन प्रमाण विचलनांच्या आत पडतात. वेळेनुसार बदलणारा नॉइज गॉसियन असेल, तर त्याचे पूर्ण वर्णन करायला फक्त दोन गोष्टी लागतात. एक, प्रत्येक क्षणाची सरासरी. दुसरी, कोणत्याही दोन क्षणांमधला सहसंबंध, म्हणजे एका क्षणी किंमत वर गेली असेल तर दुसऱ्या क्षणी ती वर असण्याकडे किती कल आहे. कोसंबींच्या कामात ही दुसरी गोष्ट महत्त्वाची ठरली.

कोसंबी गणिताकडे कसे वळले?

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. हार्वर्ड विद्यापीठात एका पाली ग्रंथाच्या संपादनासाठी ते अमेरिकेला जात. १९१८ मध्ये त्यांनी दामोदर आणि थोरली मुलगी माणिक यांना सोबत नेले. दामोदर यांचे शालेय शिक्षण मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज शहरात झाले. पुढे हार्वर्डमधून १९२९ मध्ये ते अत्युच्च श्रेणीत पदवीधर झाले. त्या वर्षांत जॉर्ज बर्कहॉफ आणि नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञांशी त्यांचा परिचय झाला. यातले वीनर त्याच शहरातल्या एमआयटीमध्ये होते आणि ब्राउनच्या थरथरणाऱ्या कणांना गणिताच्या भक्कम पायावर उभे करणारे काम त्यांनी १९२३ मध्येच केले होते.

कोसंबी पीएचडी न करता मायदेशी परतले आणि पुढेही त्यांनी ती कधी केली नाही. बनारस हिंदू विद्यापीठात दोन वर्षे शिकवल्यावर ते अलिगडला गेले. तिथे फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेल विभागप्रमुख होते. वेल यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी बुर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाचा हवाला देणारा एक निबंध गमतीने प्रसिद्ध केला. काही वर्षांनी फ्रान्समध्ये वेल आणि त्यांच्या मित्रांनी याच टोपणनावाने लिहायला सुरुवात केली आणि बुर्बाकी हे नाव गणितात अजरामर झाले. संशोधन निबंधात या नावाचा पहिला उल्लेख कोसंबींचा मानला जातो.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात आले. त्यांचे मुख्य काम भूमितीत होते आणि १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिकही मिळाले. संख्याशास्त्र मात्र ते स्वतःच शिकले. नुसती सूत्रे वाचून हा विषय कळत नाही, खरी आकडेवारी हाताळावी लागते, असे त्यांचे मत होते. त्यासाठी त्यांनी जो विषय निवडला, तो गणिताच्या प्राध्यापकाकडून कोणी अपेक्षिलाही नसता.

नाणी तोलण्याचा उद्योग कशासाठी?

प्राचीन भारतातील आहत नाणी म्हणजे चांदीचे छोटे तुकडे. त्यावर वेगवेगळे ठसे उमटवलेले असतात, पण राजाचे नाव किंवा वर्ष नसते. त्यामुळे कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हा इतिहासकारांपुढचा प्रश्न होता. तक्षशिलेच्या उत्खननात १९२४ मध्ये अशा नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात अलेक्झांडरची नाणीही असल्याने साठा साधारण कधी पुरला गेला याचा अंदाज होता, पण आतल्या नाण्यांचा क्रम लागत नव्हता.

कोसंबींनी विचार केला तो झिजेचा. नाणे एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा त्याची अगदी थोडी धातू झिजते. कोणते नाणे कधी किती झिजेल, हे सांगता येत नाही. काही नाणी रोज फिरतात, काही वर्षानुवर्षे गाठोड्यात राहतात. म्हणजे नाण्याचे वजन हे पाण्यातल्या त्या भरकटणाऱ्या कणासारखे वागते. फरक इतकाच, की कण कुठल्याही दिशेला जातो आणि वजन मात्र कमीच होत जाते. एकाच वर्षी पाडलेली शेकडो नाणी घेतली, तर दोन गोष्टी दिसायला हव्यात. वेळ जाईल तशी त्यांची सरासरी ठरावीक दराने घटली पाहिजे आणि त्यांच्या वजनांतला आपसातला फरक वाढत गेला पाहिजे.

हे तपासायला त्यांनी आधी आपल्या काळातली चलनी नाणी घेतली, कारण त्यांच्यावर पाडल्याचे वर्ष छापलेले असते. अशी हजारो नाणी त्यांनी एकेक करून अचूक तराजूत तोलली. जुन्या वर्षांच्या नाण्यांची सरासरी घटलेली आणि फरक वाढलेला आढळला. त्यानंतर तेच गणित त्यांनी प्राचीन साठ्यांना लावले. आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला छोटे ठसे असतात आणि ते नाणे चलनात असताना तपासणी करणाऱ्या सराफांनी मारलेले असावेत असा अंदाज होता. मागचे ठसे जितके जास्त, तितके सरासरी वजन कमी, असे कोसंबींना दिसले. ठसे वेळेनुसार वाढत गेले आणि वजन वेळेनुसार घटत गेले, हे दोन स्वतंत्र पुरावे एकमेकांशी जुळले. त्यामुळे एकाच साठ्यातल्या नाण्यांचे गट आधीचे-नंतरचे असे लावता येऊ लागले.

या पद्धतीला एक अट आहे. एकटे नाणे तोलून त्याचे वय सांगता येत नाही, गट मोठा असावा लागतो आणि सगळी नाणी सारख्याच परिस्थितीत फिरलेली असावी लागतात.

१९४३च्या शोधनिबंधात काय होते?

जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीमध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचे नाव ‘स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस’. तोवरचे बरेचसे संख्याशास्त्र सुट्या आकड्यांचे होते. उंची, वजन, उत्पन्न असे आकडे घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची. पण प्रत्येक मोजमाप म्हणजे एक आकडा नसून एक संपूर्ण वक्र रेषा असेल तर काय करायचे, हा कोसंबींचा प्रश्न होता.

समजा एका हवामान केंद्रावर रोज २४ तासांच्या तापमानाचा आलेख काढला. वर्षाचे ३६५ आलेख झाले. त्यांचा सरासरी आलेख काढून तो प्रत्येक दिवसातून वजा केला. उरले ते चढउतार, म्हणजे नॉइज. पण हे चढउतार पूर्ण मोकाट नसतात. सकाळी ११ वाजता तापमान सरासरीपेक्षा जास्त असेल, तर १२ वाजताही ते जास्त असण्याची शक्यता मोठी. म्हणजे तासातासांमध्ये सहसंबंध आहे. कोसंबींनी दाखवले की या सहसंबंधातूनच काही मूळ आकार काढता येतात. एक आकार दिवसभर सगळेच तापमान वर किंवा खाली जाण्याचा असेल. दुसरा सकाळ थंड आणि दुपार तापलेली, असा असेल. प्रत्येक दिवसाचा आलेख म्हणजे या ठरलेल्या आकारांची बेरीज. कोणत्या दिवशी कोणता आकार किती प्रमाणात घ्यायचा, एवढेच काय ते नशिबावर राहते.

याचे दोन फायदे. हे प्रमाण दाखवणारे आकडे एकमेकांशी सहसंबंध नसलेले असतात. मूळ नॉइज गॉसियन असेल तर ते पूर्णपणे स्वतंत्र असतात. दुसरे म्हणजे आकार महत्त्वाच्या क्रमाने मिळतात. पहिल्या काही आकारांतच बहुतेक चढउतार सामावतात, बाकीचे सोडून दिले तरी फारसे नुकसान होत नाही.

ब्राउनच्या कणाचेच उदाहरण घेऊ. ठरावीक वेळेतल्या त्याच्या भरकटण्याला ही पद्धत लावली, तर मिळणारे आकार साध्या साइन लहरींचे असतात. पहिला आकार लहरीच्या फक्त पाव भागाचा, शून्यापासून वर चढत जाणारा. एकूण चढउतारांपैकी सुमारे ८१ टक्के वाटा या एकट्याचा असतो. दुसऱ्याचा वाटा सुमारे ९ टक्के. म्हणजे इतक्या वेड्यावाकड्या रेषेचा ९० टक्के हिशेब सरासरीने दोन आकड्यांत बसतो. याउलट ज्याला व्हाइट नॉइज म्हणतात, त्यात एका क्षणाचा दुसऱ्याशी काहीच संबंध नसतो. तिथे सगळ्या आकारांचा वाटा सारखाच येतो आणि काहीही गाळता येत नाही. थोडक्यात, नॉइजला स्मृती असेल तरच त्याला आकार असतो, आणि किती स्मृती आहे हे सहसंबंध सांगतो.

आज याचा उपयोग कुठे होतो?

मोबाइलवर साठवलेला जेपीईजी फोटो या विचाराचा नातलग आहे. फोटोत शेजारशेजारच्या ठिपक्यांचे रंग बहुधा सारखे असतात, म्हणजेच त्यांच्यात सहसंबंध असतो. प्रत्येक फोटोचे मूळ आकार नव्याने काढायचे तर गणित फार वाढते आणि ते आकार फोटोसोबत पाठवावेही लागतात. म्हणून १९७४ मध्ये मूळचे बेंगळूरुचे नासिर अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक ठरावीक लहरींचा संच सुचवला. त्याची कामगिरी या आदर्श पद्धतीच्या अगदी जवळ जाणारी असल्याचे त्यांनी दाखवले. जेपीईजी त्यावरच चालते.

हवामानशास्त्रात समुद्राचे तापमान किंवा हवेचा दाब यांच्या नकाशांतून प्रमुख आकृतिबंध काढण्यासाठी हीच पद्धत वापरतात. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९५६ मध्ये ती हवामानाच्या अंदाजासाठी मांडली. पाइपमधून किंवा विमानाच्या पंखावरून वाहणाऱ्या खळाळत्या प्रवाहाचे विश्लेषण करताना अभियंते १९६०च्या दशकापासून ती वापरत आहेत. चेहरा ओळखण्याच्या सुरुवातीच्या संगणकीय पद्धतीही अशाच होत्या. प्रत्येक चेहरा म्हणजे काही मूळ चेहऱ्यांची बेरीज, असे त्या मानत.

मग श्रेय दुसऱ्यांना कसे मिळाले?

१९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात फिनलंडचे कारी कारुनेन आणि फ्रेंच परंपरेतले मिशेल लोएव्ह यांनी याच निष्कर्षांची मांडणी स्वतंत्रपणे केली. दोघांचे काम अधिक काटेकोर आणि विस्तृत होते. लोएव्ह पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले आणि त्यांचे संभाव्यता सिद्धांतावरचे पुस्तक जगभर वाचले गेले. कोसंबींचा निबंध मात्र युद्धकाळात, भारतातल्या नियतकालिकात आला होता. युरोप-अमेरिकेतल्या फारच थोड्यांच्या तो नजरेस पडला. स्वतः कोसंबीही एका विषयाला धरून बसणारे नव्हते. त्याच सुमारास त्यांनी जनुकांमधील अंतर मोजण्याचे सूत्र दिले, जे आनुवंशशास्त्रात आजही कोसंबींच्याच नावाने वापरले जाते. त्याच दशकात भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनी चिकित्सक आवृत्तीही तयार केली. नकलाकारांच्या चुकांमधून मूळ पाठ शोधायचा, हेही एका अर्थी नॉइजमधून सिग्नल काढण्याचेच काम.

अलीकडे काही पुस्तकांत आणि शोधनिबंधांत या पद्धतीला कोसंबी-कारुनेन-लोएव्ह असे नाव दिले जाते. मात्र अभ्यासक्रमांत अजून दोनच नावे रूढ आहेत.

मूळ संख्यांनी कसा चकवा दिला?

होमी भाभांच्या निमंत्रणावरून कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये रुजू झाले. राहणे पुण्यातच होते आणि डेक्कन क्वीनने मुंबईला जाणे-येणे हा त्यांचा नेहमीचा परिपाठ. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी इंग्लंड-अमेरिकेत जाऊन इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांचा अभ्यास केला. प्रिन्स्टनला आइन्स्टाइनशी त्यांच्या चर्चाही झाल्या. १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ आला.

त्यानंतर ते वळले मूळ संख्यांकडे. २, ३, ५, ७, ११ अशा या संख्या कशा विखुरल्या आहेत, हा गणितातला जुना प्रश्न. १० लाखांपर्यंत ७८,४९८ मूळ संख्या आहेत. ठरलेले सूत्र सुमारे ७८,६२८ असा अंदाज देते. फरक १३०च्या आसपास. हा फरक म्हणजे जणू नॉइज. रीमान यांनी १८५९ मध्ये मांडलेला तर्क खरा असेल, तर हा फरक साधारणपणे संख्येच्या वर्गमुळाच्या मर्यादेतच राहील. वर्गमूळ हे प्रमाण ओळखीचे आहे. पाण्यातला कणही वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच दूर जातो.

संभाव्यतेच्या मार्गाने हा तर्क सिद्ध करता येईल, असे कोसंबींना वाटले. १९५९ मध्ये त्यांनी तसा निबंध इंडियन सोसायटी ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्सच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. गणितज्ञांना तो पटला नाही. त्याचे कारण समजायला सोपे आहे. यादृच्छिक क्रमांबद्दल संभाव्यता जे सांगते, ते जवळजवळ सगळ्या क्रमांना लागू असते. पण मूळ संख्यांचा क्रम हा एकच आणि आधीपासून ठरलेला आहे. तो जवळजवळ सगळ्यांत मोडतो की उरलेल्या अपवादांत, हे संभाव्यता सांगू शकत नाही. नाण्यांच्या बाबतीत गटाबद्दलचे विधान पुरेसे होते. इथे एकाच क्रमाबद्दलची पक्की सिद्धता हवी होती.

या निबंधाने कोसंबींच्या गणिती प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला. संस्थेशी त्यांचे संबंध आधीच ताणले गेले होते. ते शांतता चळवळीत होते आणि अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा भारताला परवडेल, असे जाहीरपणे सांगत. भाभा तर अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रमुख. १९६२ मध्ये टीआयएफआरने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही.

पुढे काय झाले?

१९६३ मध्ये मूळ संख्यांच्या वितरणावरचा त्यांचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. १९६४ मध्ये पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांना सीएसआयआरचे मानद पद मिळाले. १९६६च्या फेब्रुवारीत सायंटिफिक अमेरिकन मासिकाने नाण्यांच्या विज्ञानावरचा त्यांचा लेख छापला. त्याच वर्षी २९ जूनला पुण्यात त्यांचे निधन झाले. वय होते ५८. रीमान यांचा तर्क अजूनही कोणी सिद्ध केलेला नाही.

२००८ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. २०१६ मध्ये त्यांचे गणित आणि संख्याशास्त्रावरील निवडक लेख ग्रंथरूपाने आले आणि १९४३चा तो निबंध नव्या वाचकांना सहज मिळू लागला. दरवर्षी हजारो विद्यार्थी रँडम प्रोसेसच्या पेपरात ही पद्धत सोडवतात. त्यातले कित्येक पुण्यात, फर्ग्युसनपासून हाकेच्या अंतरावर शिकतात. फळ्यावर त्या दोन नावांआधी तिसरे लिहायला काहीच खर्च येत नाही.